बुडालेल्या चित्रकाराचा पंचनामा

त्या चित्रकाराची आठवण झाली की आज हसू येतं. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी सोलापुरात फौजदार होतो. करकंबचा एक गुणी चित्रकार तळ्यात बुडून वारल्याचं छापून आलं आणि शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी मांडलेली त्याची चित्रं पाहायला शहर लोटलं. आमच्या जमादाराने ती बातमी माझ्यापुढे ठेवली.

"सायेब, मानूस बुडाला म्हंत्यात, पर पंचनामाच न्हाय की!"

त्यातच निनावी अर्ज आला: चित्रं मांडणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांनीच त्याचा काटा काढला. करकंबच्या पोलीस पाटलाने कळवलं, असा इसम गावात कधी नव्हताच. मास्तरांना बोलावलं.

"साहेब, तो चित्रकार मीच रचला," ते ओशाळून म्हणाले. "गाव, गरिबी, मरण, सगळं. लोकांना चित्रापेक्षा चित्रकाराची कर्मकहाणी आवडते. म्हटलं, गंमत करून बघू. चित्रंही माझीच."

"मग काढा एक."

त्यांनी काढलेलं झाड थेट शाळेच्या फळ्यावरचं. खोटं उघडं पडलं. मग चित्रं कोणाची, ते सांगेनात. म्हणजे खरा चित्रकार कोणी तरी होता, आणि त्याचं यांनी काय केलं, हा संशय आलाच. मास्तरांची नोकरी तर जाणारच होती, आता त्यांच्या गळ्याला फास दिसू लागला.

मास्तरांच्या घरझडतीत एक अर्धवट चित्र सापडलं होतं. ते मी पुन्हा समोर घेऊन पाहिलं. खालची वीतभर पट्टी पूर्ण रंगवलेली, वर कोरा कागद, पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. चित्रकार आधी आकृती आखतो. हे चित्र मागावरच्या लुगड्यासारखं एका कडेपासून सरकत आलं होतं. मास्तरांच्या शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. आम्ही तिथे गेलो.

मास्तरांना अटक होणार हे ऐकताच घरची सून मागावरून उठली. सासरे समोरच होते.

"मास्तरला सोडा सायेब. चित्रं माजी हायत. कुनाला सांगू नका म्हनून मीच शपथ घातलेली."

मी कागद दिला. तिने खालच्या कडेपासून मोर भरायला घेतला. सासरे पुढे येऊन कागदावर वाकले. मग म्हणाले, "लई झ्याक. लपवलंस कशाला?"

माझा जीव भांड्यात पडला. तोवर मी समजत होतो, खोटं पकडलं की गुन्हेगार सापडला. माणूस दुसऱ्याला सांभाळायलाही खोटं बोलतो, हे मला त्या मास्तरांनी शिकवलं.

"डायरीत काय लिवू?" जमादाराने विचारलं.

"लिहा, मयत जन्मलाच नव्हता."

तो मोर तिने मला दिला, खाली तेलुगूत स्वतःचं नाव घालून. मला ती लिपी वाचता येत नाही, पण नाव पाठ आहे.