दोन मोटरींची पारख आणि माझं बाळंतपण

लग्नानंतर मी सिरोंच्याला आले. माझे यजमान सरकारी नावेवर ड्रायव्हर होते. एका हिवाळ्यात नावेला मागून लावायच्या दोन मोटरी आल्या, एक विलायती, एक अमेरिकन. त्यांतली भरवशाची कोणती, हे प्राणहितेत चालवून ठरवायला नागपूरहून एक तरुण साहेब आले. नावेत वजन हवं, म्हणून त्यांनी तांदळाची पोती ठेवली आणि घाटावरचे दोन गडी बसवले, शिवाय हिरड्याची टोपली घेतलेली एक गोंड म्हातारी. मला आठवा सरत आला होता आणि माहेर नदीच्या वरच्या अंगाला होतं. यजमानांनी साहेबांना विचारलं आणि मीही त्या वजनात जमा झाले.

विलायती मोटर एका ओढीत सुरू झाली. साहेब तिचं कौतुक करत होते तोवर ती तापली आणि भर पात्रात बंद पडली. गड्यांनी बांबू रोवत नाव रेतीच्या बेटाला लावली. यजमानांनी ती काढून अमेरिकन चढवली. ती जड होती आणि थंड असताना दाद देत नव्हती. ते दोरी ओढत राहिले.

तेवढ्यात माझ्या पोटात कळ आली. ओठ दाबून मी बसून राहिले. लुगडं भिजलं तेव्हा म्हातारीला कळलं.

बेटावर झुडूपसुद्धा नव्हतं. म्हातारीने गोंडीत काहीतरी दरडावून गड्यांना खाली उतरवलं. पाठ करून ते पाण्यात उभे राहिले. साहेबांनी छत्री उघडून पाठीमागे धरली. तिचा आडोसा तो केवढा! यजमान मात्र हातभर अंतरावर मोटरीशी झटत होते, एकदाही वळले नाहीत. कळांपेक्षा मला त्या चार पुरुषांच्या कानांची जास्त लाज वाटत होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून मी ओरडणं गिळलं.

मुलगी झाली. म्हातारीने तिला साहेबांच्या टॉवेलात गुंडाळलं. पुढे कधीतरी मोटर धडधडली आणि माहेर येईपर्यंत थांबली नाही. धक्क्यावर साहेबांनी माझ्या वडिलांना समजावून सांगितलं, ही सुरू व्हायला त्रास देते, पण मग दगा देत नाही, हीच ठेवू. वडील मान हलवत राहिले. त्यांना वर बघवत नव्हतं. आईने मला मागच्या दाराने घरात नेलं.

सव्वा महिना झाल्यावर यजमान न्यायला आले, तेही नाव घेऊन. घाटावर ते गडी भेटणार, बाया पदराआड हसणार, हे मला दिसत होतं. मी येत नाही म्हटलं.

"आता मोटर बंद नाई पडत," ते म्हणाले.

"चालो का बंद पडो, मले त्या नावेत बसाचं नाई."

नाव सोबत आलेल्या खलाशाच्या हाती परत पाठवून त्यांनी बैलगाडी केली. रानातल्या वाटेने बराच वेळ ते गाडीबरोबर पायी चालले. मग खाली बघतच बोलले, "त्या दिवशी मी दोरी उगाच ओढत होतो. मोटरीत तेल चढलं नव्हतं, ती सुरू होणार नाई, मले मालूम होतं. पण हात थांबवला असता तर तुह्याकडे पाहा लागलं असतं."

मी सरकून गाडीत त्यांना जागा केली. ते चढून बसले आणि मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं.