पाचट

“बंधूंनो आणि भगिनींनो!” पाहुणे ओरडत होते. गळ्याच्या शिरा मोटेच्या नाड्याएवढ्या फुगल्या होत्या, पण लिंबावर टांगलेला कर्णा मुका. मशीनपाशी उकिडवे बसलेले तात्या तारेशी झटल्याचं सोंग करत माझ्याकडे वळले आणि पुटपुटले, “पाचट.”

कोपरगावकडच्या आमच्या गावात सभा कुणाचीही असो, भाड्याचा माईक तात्यांचा. आधी ते शेवटच्या रांगेला विचारायचे, “मागं ऐकू येतंय का?” मग भाषणात खोटेपणा शिरला, की त्यांचं बोट हळूच बटणावर जायचं. आभार मानणं कायम माझ्याकडे. मी आभाराला उभा राहिलो की खाली बसेपर्यंत पेरलेल्या बाजरीला कणसं येतात, असं लोक म्हणत. तुम्ही निम्मंच खरं धरा. माझाही आवाज तात्यांनी कितीदा गिळलाय.

पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. तुम्ही ज्याला पाचट विनोद म्हणता, तो शब्दही याच फडातला असावा. तात्यांचा अर्थ मात्र त्यांचा स्वतःचा. एकदा विचारलं तर म्हणाले, “भाऊसाहेब, पाचट पेटलं की जाळ लिंबाच्या शेंड्याला. पन इझल्यावर चहाचं आधन ठिवायला इस्तू न्हाई. तुमचं ते ‘विचाराधीन’, ‘कार्यवाही’, ‘पाठीशी उभे आहोत’, समदं त्यातलंच.”

शब्द गावभर झाला. नवरा लुगडं आणतो म्हणाला, तरी बायको भाकरी थापता थापता म्हणायची, “पाचट.”

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तात्यांची वस्ती कालव्याच्या वरच्या अंगाला, माळावर. तिथल्या विहिरीत चिखलसुद्धा उरला नाही. सभेत एक साहेब उठले. वस्तीच्या टँकरचा प्रश्न विचाराधीन असून सोमवारपासून त्वरित कार्यवाही होईल, म्हणाले.

सारा गाव मान वळवून तात्यांच्या बोटाकडे बघू लागला. बोट बटणावर गेलं. आणि तात्यांनी आवाज वाढवला. वस्तीपर्यंत पोचावा म्हणून इतका वाढवला, की लिंबावरचे कावळे उठले ते थेट नेवाशाला जाऊन बसले असतील. वर माळावर बायकांनी त्याच दिवशी हंडे घासून ठेवले.

सोमवार गेला. पुढचेही गेले. टँकर आला नाही.

तात्यांनी बैलगाडी भरली आणि बिऱ्हाड मेव्हण्याकडे नाशिकला निघालं. कर्णा गाडीत उताणा पडला होता आणि त्यात एक कोंबडी बसली होती.

मी चाकापाशी उभा राहिलो. मला, माझ्यासारख्याला, शब्द सापडेना. होते तेच काढले, “तात्या, सगळं ठीक होईल. गाव तुमच्या पाठीशी उभं आहे.” आणि वाट बघत राहिलो. त्यांनी ‘पाचट’ म्हणावं, दोघांनी हसावं आणि गाडी माघारी वळावी, एवढंच मनात होतं.

तात्यांनी कासरा सैल सोडला.

“ऐकू येतंय,” म्हणाले.