लाईटच्या नावावर खपवलेली उडी

आमच्याकडे काहीही बिघडलं की दोष लाईटचा. मोटार जळली, निकाल उशिरा लागला, अगदी वरण करपलं तरी लाईटच. नांदेडला येऊन भौतिकशास्त्रात संशोधन करायला लागले, तरी ही सवय काही सुटली नाही.

माझं काम एका सिलिकॉनच्या पट्टीवर होतं. केसाहून बारीक, एका टोकाला घट्ट धरलेली. तिला वर-खाली थरथरवायचं, थरथरीचा वेग हळूहळू वाढवत न्यायचा आणि ती किती हलते ते लेझरने मोजायचं. जोर कमी ठेवला की आलेखाची रेषा टेकडीसारखी चढायची, उतरायची. जोर वाढवला की चढता चढता मध्येच धाडकन खाली उडी मारायची. प्रबंध जमा करायची मुदत तोंडावर आलेली आणि माझा मुख्य आलेखच असा तुटका.

"लाईट डाऊन झाली असंल बघ," शेजारच्या टेबलावरची बिलोलीची मैत्रीण म्हणाली. माझ्या मार्गदर्शक सरांचंही तेच मत पडलं. "तेवढे आकडे काढ आणि रेषा जोडून घे."

काढायलाच बसले होते. सहज म्हणून आधीचे सगळे आलेख एकावर एक ठेवले आणि मी चक्रावलेच. प्रत्येक उडी त्याच जागी! आमच्या लाईटला एवढी शिस्त कधीपासून आली?

मग ते हलणं जातं तरी कुठे? मी हट्टाने लेझरचा उजेड टिपणारा डिटेक्टर आडवा फिरवला आणि पुन्हा मोजलं. वर-खाली हलणं जिथे कोसळत होतं, तिथेच पट्टी डावी-उजवीकडे हलायला लागत होती. त्या दिशेने तिला कुणी ढकललंच नव्हतं. एक थरथर फार वाढली की तिचा जोर दुसरीत उतरत होता. मी एकटीच वेड्यासारखी हसत बसले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आलेख सरांपुढे ठेवले. एकातली उडी आणि दुसऱ्यातली चढण त्यांनी बोटाने जुळवून पाहिली.

"काढू नको. प्रबंधात घाल," ते म्हणाले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "मी असले लई आकडे फेकून दिले गं. लाईट गेली असंल म्हणून."

त्या महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते.