फायबरचं टोक आणि पाटीवरचं जुनं नाव

आपल्या हैदराबादी ग्रुपात घरी लेझरशी खेळणारं माझ्याशिवाय कुणी आहे का? असो, नसलात तरी वाचा.

लेझरचा प्रकाश केसाएवढ्या काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून न्यायचाय. त्यासाठी तार कनेक्टरमध्ये चिकटवायची आणि तिचं टोक पॉलिश पेपरवर घासून आरशासारखं करायचं. दोन कनेक्टर वाया घालवले. मायक्रोस्कोपखाली धरलं की टोकावर ओरखडेच ओरखडे! उरला एक.

आज दुपारी उजेडासाठी नारायणगुड्याच्या आमच्या बाल्कनीत बसून तो घासत होते. शेजारच्या सरकारी ऑफिसबाहेर एक पेंटर शिडीवर चढून पाटीवरचं जुन्या राज्याचं नाव घासून काढत होता. नवं राज्य झाल्यापासून त्याला फुरसत नाही म्हणे.

माझ्याकडे बघून बघून शेवटी त्याला राहवेना. "सूखा नक्को घिसो मेडम. पानी मारो."

"कायकू?"

"कागज से लकीरां नै पडते. जो चूरा निकलता ना, उसी से पडते."

मी वाचलं होतं पाण्याचं, पण कारण दिलं नव्हतं, म्हणून कंटाळा केला होता! चुरा वाहून जावा म्हणून पेपरवर पाण्याचे चार थेंब टाकले, हलक्या हाताने घासलं. टोक लख्ख. आत जाऊन लेझर लावला, तर भिंतीवर स्वच्छ, गोल ठिपका.

बाहेर पाहिलं, तर पाटीचा पत्रा कोरा झाला होता आणि जुन्या नावाचं निळसर पाणी फुटपाथवर ओघळत होतं.

तुमच्या गल्लीतल्या पाट्या बदलल्या का? आणि घासणाऱ्याने पाणी मारलं होतं का?