मागचे ब्रेक

आमच्या शेजारच्या वहिनी साधं ‘चहा घे की’सुद्धा दटावल्यासारखं म्हणत. नवरा गेल्यावर त्याची जुनी मोटार त्या स्वतः चालवू लागल्या. मागचे ब्रेक लागेनात, तेव्हा दीर म्हणाले, “इकून टाका. बाईमाणसाचं काम न्हाय हे.”

वहिनींनी पदर खोचला, अंगणातच गाडी जॅकवर चढवली आणि झिजलेले ब्रेक आपल्या हातांनी बदलले. स्प्रिंग निसटून बोट फाटलं, तरी थांबल्या नाहीत.

“भावजी, बसा. पन्हाळ्याला जाऊन येऊ.”

दीर बसले नाहीत, मी बसलो. घाट उतरताना भीतीनं माझाच पाय ब्रेक दाबल्यासारखा खाली रेटला जात होता. वहिनी ओरडल्या, “भितोस काय? थांबती की गाडी!”

परतलो तेव्हा दीर फाटकाशी उभे होते. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

वहिनी म्हणाल्या, “भावजी, फाटक उघडा. मला गाडी आत घ्यायची हाय.”