बोटीला पाणी पाजणारे काका

बहरीनला सौदीशी जोडणारा पूल सुरू झाला त्या हिवाळ्यात दोन डोलकाठ्यांचं एक जुनं गलबत बुसैतीनच्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी ड्यूटी संपल्यावर, नईम वस्तीत माझ्या शेजारी राहणाऱ्या काकांनी त्याच्यावर समुद्राच्या पाण्याची पहिली बादली ओतली. बोटीला पाणी पाजणारा दुसरा माणूस मी बहरीनमध्ये पाहिलेला नाही.

काका देवगडचे, सुतार. गलबत एकोणिसाव्या शतकात आपल्या पणजोबांनी बांधलं, असं ते सांगत. पुरावा एकच: पुढच्या टोकाला कोरलेला माड. तसाच माड म्हणे घरच्या देव्हाऱ्यावर होता. पाहुण्यांना लग्नाच्या मुलीची माहिती द्यावी तसा ते गलबताचा इतिहास सांगत. कोकणातून मुंबईला कौलं नेली, भात नेलं, मग इकडच्या मालकाकडे आलं, खजूर वाहिला, इंजिन बसलं, शेवटी सौदीहून मेंढ्या आणि सिमेंट. पूल झाल्यावर तो माल ट्रकने येऊ लागला. काकांनी बारा वर्षं त्याची डागडुजी केली, पण त्यातून प्रवास एकदाही नाही. त्यांना बोट लागत असे.

जूनपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर गलबत फोडून लाकूड विकणार, असं मालकाने सांगितलं होतं. म्हणून रोज चाळीस बादल्या.

"काका, उभ्या बोटीला पाणी कशाला?" मी विचारलं.

"लाकूड सुकला की फळयो आकसतत, फटी पडतत. मगे पाण्यात घातलास की थेट तळाक. तुका काय कळता, फायलीवाल्या?"

जाळं विणत बसलेला एक बहरीनी कोळी रोज हिंदीत ओरडे, "बाबा, पेड कब निकलेगा?"

"इंशाल्ला!" काका म्हणत. बादली थांबत नसे.

मे महिन्यात एका हॉटेलचा मॅनेजर आला. आधी तरंगवून दाखवा, म्हणाला. भरतीला गलबत उतरवलं. मालकाने काकांनाही वर चढवलं. तासाभरात आत घोटभरसुद्धा पाणी आलं नाही. काका मात्र दोनदा ओकले.

"खलास," मालक म्हणाला. म्हणजे सौदा झाला. मग कळलं, हॉटेलला ते बागेत मांडायचं होतं. कोरड्यावर, कायमचं.

काकांनी तोंड पुसलं आणि मला विचारलं, "बाग म्हटल्यार माळी आसतलोच मां?"

पुढच्या वर्षी व्हिसा संपला आणि काका देवगडला गेले. त्यानंतर एकदा मी त्या हॉटेलवरून गेलो. माळी लॉनला पाणी घालत होता. लॉन झाल्यावर त्याने नळी वळवून गलबताची डावी बाजू भिजवली. मग नळी ओढत तो उजव्या बाजूला गेला.