गमरेंच्या हॉलमधली सर्वसाधारण सभा

करंजाड्याच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सिताराम गमरे म्हणजे चालताबोलता पोटनियम. पाण्याची मोटर जळाली तरी हा माणूस आधी विचारणार, "सूचक कोण? अनुमोदक कोण?" तोवर बिल्डिंगने बिनपाण्याचं बसायचं.

त्यांची मुलगी उत्कर्षा सव्वीस वर्षांची. तळोज्याच्या कंपनीत लॅबला होती. जिभेची धार तिथल्या अ‍ॅसिडची, असं सगळे म्हणायचे. हाडाचा कॅन्सर फुप्फुसात गेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता केमोने नुसते हाल. दुखणं आटोक्यात ठेवायची औषधं घरीच देता येतील, नर्स येऊन जाईल. उत्कर्षाने तिथेच ठरवलं: शेवट घरात. आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको.

पण तिचा श्वास अडकला की अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावणार बापच. म्हणून बापाचा होकार पाहिजे. आणि विषय काढला की बाप टाकी बघायला गच्चीवर! डोकंच फिरायचं. पोरगी चालली आणि याला टाकीची पडलीय.

शेवटी पोरीने बापाला त्याच्याच हत्याराने गाठलं. फ्रिजवर नोटीस चिकटवली: 'सर्वसाधारण सभा. स्थळ: हॉल. विषय: माझं मरण.'

"नोटीस चौदा दिवस आधी लागते," सिताराम गुरगुरले.

"पप्पा, चौदा दिवसांची गॅरंटी डॉक्टरपण देत नाय."

रविवारी सभा भरली. खुर्चीत सिताराम. समोर उत्कर्षा, तिची आई राजश्री, गुहागरहून आलेली गिरजाआत्या, आणि शेजारचे सुलेमानभाई. वरच्या मजल्यावरून मलाही धरून आणलेलं.

"कोरम नाही. सभा अर्धा तास तहकूब."

अर्धा तास सगळ्यांनी तिथेच बसून चहा-खारी खाल्ली. मग तीच माणसं, तीच जागा, पण तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून सभा कायदेशीर!

उत्कर्षाने ठराव मांडला. आत्या उसळली, "मशीन लावा रे! गावाला काय सांगू, बिनमशीनची गेली?"

"आत्या, मशीन लावली तर मला बोलता येणार नाय. तुझ्या पपईच्या पाल्याच्या रसाला शिव्या कोण देणार?"

आत्या जरा विचारात पडली.

"अनुमोदक कोण?" सितारामनी विचारलं.

राजश्रीताईंनी हात उचलला, पण तो अर्ध्यावरच थांबला. "पटतं गं तुझं. पण आईचा हात नाय उठत." सुलेमानभाई म्हणाले, "मी भाडेकरू. आपल्याला मत नाय." मी हात वर केला, तर सिताराम खेकसले, "बाहेरच्यांनी मधे पडायचं नाही!"

"अनुमोदक नसेल तर ठराव..." ते म्हणाले. पण 'बाद' शब्द तोंडातच राहिला.

उत्कर्षा बापाकडे बघत होती. धाप लागली होती तिला. "तुमीच द्या ना, पप्पा."

"अध्यक्षाला देता येत नाही."

मग सिताराम उठले, सुलेमानभाईंचा दंड धरला आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

"अरे गमरेसाब, भाडेकरू अध्यक्ष? कायद्यात कुठं बसतं?"

"खड्ड्यात गेला कायदा. बसा!"

वीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. ते पोरीशेजारी जमिनीवर बसले, हात वर केला. "माझं अनुमोदन. फोन नाही करणार मी. घरातच राहशील तू."

सुलेमानभाईंनी घाबरत घाबरत टीपॉयवर थाप मारली. "पास!"

"पप्पा, हात खाली घ्या आता," उत्कर्षा म्हणाली. "झाला ठराव."

"राहू दे," सिताराम डोळे न पुसता म्हणाले. "मोजणी चुकायला नको."